क्लायंटला देतो तोच सल्ला स्वतःच्या कन्सल्टिंगला लावून धंदा वाढवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

टिळकवाडी_क्वालिटी

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर या पट्ट्यातल्या छोट्या मशीन शॉपना आणि काही फाउंड्रींना आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या सर्टिफिकेटची तयारी, कॉस्टिंग आणि शॉप फ्लोअरची शिस्त यात मदत करतो, महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळी एमआयडीसीतही थोडी युनिट आहेत. काम येतं, एकाकडून दुसऱ्याकडे नाव जातं, पैसेही बरे सुटतात. सोबत डॉक्युमेंटेशनला एक मुलगी आहे, बाकी सगळं मीच. आता हे वाढवायचं म्हणजे खरंच वाढवायचं आहे, दोन-तीन इंजिनियर घेऊन निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत काम न्यायचं असं डोक्यात आहे.

मग विचार केला की मी शॉपवाल्यांना जे सांगत फिरतो तेच स्वतःच्या धंद्याला लावावं. त्यांना मी काय सांगतो, तर मशीन अवर रेट, म्हणजे मशीन तासभर चालवायचा खरा खर्च, काढल्याशिवाय कोटेशन देऊ नका, एका गिऱ्हाइकावर निम्मा धंदा ठेवू नका, जॉब कार्ड, म्हणजे त्या कामाच्या सूचनांचा कागद, नसेल तर जॉब मशीनवर चढवू नका आणि येणे बाकीची यादी दर सोमवारी समोर पाहिजे. हे सगळं चालतं, मी चालताना बघितलंय, ज्यांनी केलं त्यांचे शॉप मोठे झालेत. पण त्यांच्याकडे मशीन आहे, कास्टिंगचं वजन आहे, सायकल टाइम स्टॉपवॉचने मोजता येतो. माझ्याकडे फक्त तास आणि डोकं. मग माझा मशीन अवर रेट म्हणजे नेमकं काय धरायचं? दिवसावर सांगायचं की पूर्ण कामाचा आकडा द्यायचा? आणि माणसं आधी घ्यायची की कामं आधी? सल्ल्याच्या धंद्यात ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

निपाणीची_हिशोबनीस

दादा, रेटचं आधी सांगते कारण तिथेच सगळं अडतं आणि तुम्हाला ते सोपं जाईल कारण तुम्ही दुसऱ्यांचं रोजच काढता. शॉपमध्ये रेट काढताना मशीन दिवसभर चालतं असं आपण धरतो का, नाही, सेटिंग, ब्रेकडाऊन, लाइट जाणं, ऑपरेटर गावाला जाणं हे सगळं वजा करतो आणि उरलेल्या तासांवर खर्च टाकतो. तुमचंही तेवढंच आहे. महिन्याचे 25 दिवस धरा. त्यातून रिपोर्ट लिहिणं, नवीन लोकांना भेटणं, प्रवास, फोन, स्वतःचे कागद हे वजा केलं की पैसे मिळणारे दिवस 12 च्या आसपास राहतात, एकट्या माणसाचे त्याहून फार जास्त होतच नाहीत. आता समजा घरखर्च 60 हजार, ऑफिस-गाडी-फोन 25 हजार, त्या मुलीचा पगार 20 हजार, आणि पुढच्या माणसाला शिकवायला, आजारपणाला, गाडी बदलायला म्हणून बाजूला 15 हजार. झाले 1 लाख 20 हजार. याला 25 ने भागलं तर दिवसाला 4,800 येतात आणि 12 ने भागलं तर 10,000. बहुतेक सल्लागार पहिला आकडा मनात धरून बोलतात, म्हणून दिवसभर राबून वर्षाच्या शेवटी हातात नवीन माणूस ठेवण्याएवढं काही उरत नाही. तुमचे खरे आकडे घालून बघा, पण भागायचं खऱ्या दिवसांनीच.

हा रेट तुमच्या वहीत ठेवायचा, गिऱ्हाइकाला कामाचा आकडा द्यायचा. मालक लोकांना दिवसाचा रेट ऐकला की लगेच आपल्या ऑपरेटरच्या पगाराशी तुलना सुचते, त्यात त्यांची चूक नाही, पण बोलणं भलतीकडे जातं. काम टप्प्यात तोडा, आधीची पाहणी, मग डॉक्युमेंट, मग ट्रेनिंग, इंटर्नल ऑडिट आणि शेवटी सर्टिफिकेशनच्या ऑडिटला हजर राहणं, आणि प्रत्येक टप्पा सुरू व्हायच्या आधी त्याचं बिल. ठरल्यापेक्षा जास्त भेटी लागल्या तर त्या दिवसाच्या रेटने, हे पहिल्याच पत्रात लिहून द्या.

ते पत्र आणखी एका कारणासाठी फार महत्त्वाचं आहे. तुम्ही उद्यम नोंदणी केली असेलच, नसेल तर आज करा, फुकट आहे आणि सल्लासेवा देणाराही त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून बसतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे आहेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरात 43बी(एच) आलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च समोरच्याला ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. व्याज मागायला आपल्या भागात कुणी जात नाही, रोज तोंड बघायचंय, पण मार्च जवळ आला की त्यांचा सीए स्वतःच त्यांना फोन करून तुमचं बिल आधी द्यायला सांगतो, हे मी माझ्या गिऱ्हाइकांकडे बघते. त्यासाठी बिलावर उद्यम नंबर छापलेला पाहिजे आणि पत्रात मुदत लिहिलेली पाहिजे.

शिनोळीचं एक लक्षात ठेवा, युनिटचा जीएसटी नंबर महाराष्ट्राचा असेल तर तुमचं बिल आयजीएसटीत, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराच्या जीएसटीत, जातं, मालक राहायला शहापुरात असला तरी. उलाढाल 20 लाखांच्या आत असताना फक्त दुसऱ्या राज्यात सेवा दिली म्हणून नोंदणी लागत नाही, त्यापुढे लागते आणि मग 18 टक्के. वाढवायचं म्हणताय तर ती रेषा ओलांडणारच, तेव्हा आत्ताच्या कोटेशनमध्येच "जीएसटी वेगळा" हे दोन शब्द घाला. आणि कंपन्या फीवर टीडीएस कापतात, व्यावसायिक फीला 10 टक्के, तो रिटर्नमध्ये हिशोबात येतो हे खरं पण पगाराच्या तारखेला तो खात्यात नसतो, नवीन माणूस घेताना हे धरूनच चला.

उद्यमबाग_मशीनशॉप

साहेब मी तुमच्या समोरच्या बाजूचा माणूस, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन) आणि चार सीएनसी लेथ आहेत, हायड्रॉलिकचे पार्ट करतो. गिऱ्हाईक म्हणून काय वाटतं ते सांगतो, बघा उपयोग होतो का.

माझ्याकडे आधी एक सल्लागार यायचे, जाडजूड मॅन्युअल करून दिलं, सुंदर बांधणी, ते कपाटात आहे. नंतर कुणीतरी सांगितलं की आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल सक्तीचंच नाही. माझ्या ऑपरेटरपैकी निम्मे खानापूर तालुक्यातले, बाकीचे बैलहोंगल-हुक्केरीकडचे, त्यातलं एक पान कुणी वाचलेलं नाही कारण सगळं इंग्रजीत.

मग दुसरे आले. त्यांनी मला मशीन थांबल्याची नोंद ठेवायला सांगितली, मी म्हटलं बघू की ओ, पोरांना वेळ नसतो. तर त्यांनी काही वाद घातला नाही, बॅगेतून लॅपटॉप काढला आणि स्वतःची शीट उघडली. त्यांच्या मागच्या महिन्याचा एकेक तास त्यात होता. प्रवास एका रंगात, गिऱ्हाइकाकडचं काम एका रंगात, रिपोर्ट एका रंगात, आणि लाल रंगात "फोनवर फुकट". लाल पट्टी दुपारभर पसरलेली होती. त्याच्या खाली पुढचा महिना, त्यात लाल फक्त संध्याकाळी सहा ते सात, कारण त्यांनी सगळ्यांना कळवलं होतं की फोन त्या वेळेत. म्हणाले, ही नोंद ठेवायला मला रोज पाच मिनिटं लागतात, तुमच्या व्हीएमसीला पण तेवढीच लागतील. मी त्याच संध्याकाळी व्हीएमसीजवळ फळा टांगला, खडूने लिहायचं, टूल नाही, मटेरियल नाही, क्रेन नाही, प्रोग्रॅम नाही, एवढीच चार कारणं, कन्नडमध्ये आणि मराठीत. पंधरवड्यात कळलं की मशीन जास्त करून इन्सर्टची, म्हणजे टूलला लावायच्या कटिंगच्या तुकड्याची, वाट बघत थांबतं, ब्रेकडाऊनने नाही. मी तिसरं व्हीएमसी घ्यायच्या तयारीत होतो, त्याऐवजी इन्सर्टचं कपाट केलं आणि एका पोराला त्याची चावी दिली.

म्हणून सांगतो की तुम्ही स्वतःला जे लावाल ते आम्हाला दाखवा. जाहिरात, ब्रोशर, वेबसाइट यापेक्षा त्या शीटवर मी विश्वास ठेवला आणि नंतर मी स्वतःहून तीन जणांना त्यांचं नाव सांगितलं. तुमचं येणे बाकी किती दिवसांवर आहे, किती कोटेशन दिली आणि किती आली, ठरलेल्या तारखेला किती रिपोर्ट पोचले, हे आकडे घेऊन फिरा. गिऱ्हाइकाची नावं झाका अर्थातच.

भट्टीवाले_काका

बाळा, माझं आयुष्य फाउंड्रीत गेलं, आता निवृत्त आहे, पोरं सल्ला विचारायला येतात तर येतात. तुझ्या प्रश्नात एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे तू विचारतोयस की मोजायचं काय, बरेच जण हे विचारत नाहीत.

फाउंड्रीत रिजेक्शन आलं की आपण काय करतो, ब्लो होल किती, सँड इन्क्लुजन किती, मिसरन किती, असं दोषाप्रमाणे वेगळं करतो आणि सगळ्यात मोठ्या ढिगाला आधी हात घालतो. तुझं रिजेक्शन म्हणजे न आलेली कामं. मागच्या वर्षी जेवढ्यांनी विचारणा केली आणि काम दिलं नाही त्यांची यादी काढ आणि प्रत्येकासमोर खरं कारण लिही. खरं कारण फोन करून विचारावं लागतं, आणि लोक सांगतात, नम्रपणे विचारलं तर. भाव जास्त, उशिरा कोटेशन पाठवलं, भाच्याला दिलं, ऑर्डरच गेली म्हणून लागलं नाही. मला वाटतं "उशिरा पाठवलं" हा ढीग मोठा निघेल, एकट्याने चालवणाऱ्याचं तेच होतं, दिवसा शॉपमध्ये आणि कोटेशन रात्री. तसं निघालं तर पहिला माणूस इंजिनियर घ्यायची गरजच नाही, त्या मुलीला कोटेशनचा साचा करून दे आणि दोन दिवसांत पाठवायची जबाबदारी तिची कर.

दुसरं. एका गिऱ्हाइकावर निम्मा धंदा ठेवू नका हे तू बरोबर सांगतोस, पण बेळगावात गिऱ्हाईक मोजताना नावं मोजू नकोस. तीन युनिट तीन भावांची असतात, जीएसटी नंबर वेगळे, निर्णय एका जेवणाच्या ताटावर होतो. शिवाय दहा वेगवेगळे शॉप एकाच मोठ्या कंपनीला पार्ट देत असतात, तिने शेड्यूल कापलं की दहाही जण एकाच आठवड्यात तुला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. म्हणून माल कुठे जातो ते विचार आणि त्याप्रमाणे वाटणी कर, ट्रॅक्टर, हायड्रॉलिक, पंप, हत्तरगीच्या एसईझेडकडे जाणारं एरोस्पेसचं काम. एरोस्पेसला एएस 9100 हे त्यांचं क्वालिटीचं मानक लागतं, ते 9001 वरच उभं आहे, तुला शिकायला कठीण नाही आणि ते करून देणारे इकडे थोडे आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तू लोकांकडे इंटर्नल ऑडिट करवतोस तेव्हा स्टोअरवाल्याला स्टोअरचं ऑडिट करायला लावतोस का? कधीच नाही, ज्याने काम केलं त्याने तेच तपासायचं नाही, हे आपण पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेलासुद्धा त्याच गिऱ्हाइकाला सल्ला द्यायला बंदी आहे, त्याच कारणाने. मग तुझं ऑडिट तू स्वतः करायचं मनात आणलंस तर ते नुसतं समाधान होईल. सल्ला तुझाच असू दे, चेकलिस्ट तुझीच असू दे, पण ती हातात घेऊन तुझ्यासमोर बसणारा दुसरा पाहिजे. फाइल मागणारा, "दाखवा" म्हणणारा. वर निपाणीच्या ताईंनी एवढं नेटकं लिहिलंय, त्यांच्याशी अदलाबदल कर, त्यांनी तुझा हिशोब आणि कोटेशन तपासायचं, तू त्यांच्या ऑफिसची कामाची पद्धत तपासायची. तीन महिन्यांनी एकदा, अर्धा दिवस. पैसे घेऊ नका एकमेकांचे, पण रिपोर्ट लेखी द्या आणि मागच्या वेळचं काय झालं इथूनच पुढचं सुरू करा.

खानापूर_काजू

काकांचं पटलं. मी खानापूर-चंदगड भागात काजू प्रक्रिया आणि गुळाच्या छोट्या युनिटना फूड सेफ्टीचं मार्गदर्शन करतो, क्षेत्र वेगळं पण धंदा तोच. एक भर घालतो, वाढवायच्या नादात सरकारी योजनांकडे जरूर बघा. 2022 ला नव्याने आलेली झेड, म्हणजे मालात दोष नाही आणि पर्यावरणाला त्रास नाही अशा उत्पादनाच्या सर्टिफिकेशनची योजना आहे, त्यात सर्टिफिकेशनच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला 80, लघुला 60 आणि मध्यमला 50 टक्के सूट मिळते. 2023 ची लीन, म्हणजे शॉपमधला वेळ आणि माल वाया जाणं कमी करायची, योजना आहे त्यात तर सल्ल्याच्या फीचा 90 टक्के भाग केंद्र उचलतं. छोटा मालक जो फी ऐकून गप्प बसतो त्याच्यासाठी हे फार कामाचं आहे. फक्त माझं मत असं की पूर्ण धंदा योजनेवर उभा करू नका, पैसे यायला कागदांची वाट असते आणि योजना बदलली की तुमच्या गिऱ्हाइकाची सवय मोडत नाही, त्याला पुढेही फुकटच हवं असतं. थोडी कामं त्यात, बाकी स्वतःच्या रेटने.

आणि मराठी-कन्नड दोन्हीत कागद द्या. इंग्रजी ऑडिटरला लागतं तेवढंच. मशीनजवळचा कागद ज्याच्या हाताला लागणार त्याच्या भाषेत आणि फोटोसकट, आमच्याकडे बायका काजू सोलायला बसतात त्यांच्यासाठी मी नुसते फोटोच लावतो, बरोबर हा, चूक हा. तुमच्याकडे कन्नड नीट लिहिणारा माणूस नसेल तर पहिला इंजिनियर घेताना तेच बघून घ्या.

टिळकवाडी_क्वालिटी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ताईंच्या पद्धतीने रेट काढायला बसलो, खऱ्या दिवसांनी भागल्यावर माझा आकडा आत्ताच्या फीच्या बराच वर आला. जुन्या गिऱ्हाइकांना चालू काम जुन्याच भावाने पूर्ण करून देईन आणि नवीन पत्र नव्या आकड्याने जाईल, ते त्यांना आधी भेटून सांगेन. न आलेल्या कामांची यादी काढायला घेतली आहे, काका, तुमचा अंदाज आत्तापर्यंत तरी बरोबर दिसतोय, म्हणून कोटेशनचा साचा करून मुलीकडे देतोय.

ताई, अदलाबदलीचं जमेल का? मी निपाणीला आठवड्यात येतोच. आणि मशीनशॉपवाले भाऊ, तुम्हाला एक विचारतो. समजा सहा महिन्यांनी मी इंजिनियर घेतला, तर तुमच्यासारखा मालक त्याला मान्य करेल का? लोक मला ओळखून काम देतात, पोरगा एकटा आला तर "साहेब का नाही आले" असं होतं, हीच भीती प्रत्येक शॉपवाल्यालाही असते जेव्हा तो सुपरवायझर नेमतो. त्यांना मी सांगतो की अधिकार लेखी द्या आणि मध्ये पडू नका. इथे ते कसं चालेल?

निपाणीची_हिशोबनीस

जमेल दादा, आनंदाने. येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं, बँक स्टेटमेंट आणि दिलेली सगळी कोटेशन घेऊन या, न आलेलीसुद्धा. मी माझी गिऱ्हाइकांची यादी आणि महिन्याचं कामाचं कॅलेंडर काढून ठेवते, जीएसटीच्या तारखांच्या आठवड्यात आमच्याकडे जी धावपळ होते ती तुम्ही बघाच, मला तिथे खरंच बाहेरचा डोळा हवा आहे.

उद्यमबाग_मशीनशॉप

मान्य करेल की ओ, पण पोरगा मालकासमोर पहिल्यांदा कसा येतो त्यावर आहे. पहिल्या भेटीला तुम्ही दोघं या, बोलायचं तुम्ही. दुसऱ्या भेटीला परत दोघं, पण शॉपमध्ये त्याला एकट्याला सोडा, दोन तास ऑपरेटरबरोबर उभा राहू दे, मालक केबिनमधून बघत असतो. पोराने मशीनला हात लावला, कूलंटमध्ये बूट भिजले, ऑपरेटरला नावाने हाक मारली, एवढं दिसलं की आमचा निम्मा प्रश्न सुटतो. तिसऱ्या भेटीत रिपोर्ट त्याने वाचून दाखवायचा आणि तुम्ही गप्प बसायचं, मी तुमच्याकडे बघून प्रश्न विचारला तरी उत्तर त्यालाच देऊ द्या. रिपोर्टखाली सही त्याची, नंबर त्याचा. त्यानंतर मी सवयीने तुम्हाला फोन करणारच, तर मला माझं उत्तर देऊ नका, तो तासाभरात फोन करेल असं सांगा आणि त्याने तासाभरात केला पाहिजे. आणि तुम्ही पूर्ण गायब होऊ नका, तीन महिन्यांनी एकदा चहाला येऊन जा, कामाचं काही न विचारता पोराबद्दल विचारा, मी खरं सांगेन.